गुलाबाचे गणगोत



हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हाताला आपण अत्तर लावतो, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतो आणि हंगाम असला तर एकेक फूलही देतो. हे झाड आपल्या घरादारात इतके रुळले आहे की, ते आले कोठून आणि त्याचे आईबाप कोण, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. मुलीला स्थळ पाहताना आपण मुलाच्या आजोळापर्यंत चौकशी करतो. तशीच चौकशी मी गुलाबाची करावयाची ठरविली. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा शास्त्राची भाषा मला यावयाची नाही. वाचनालयातील पुस्तके आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने वाचून समजावून दिलेल्या गोष्टी, यांवरून जे कळले ते घरगुती भाषेत सांगते.

आपण ज्याला गुलाब म्हणतो ते एक झाड नव्हे, ते एक मोठे कूळ आहे. रानात आपोआप उगवणाऱ्या गुलाबांच्या सुमारे १५० जाती जगात आहेत आणि त्या सगळ्या पृथ्वीच्या उत्तर भागातल्या. बहुतेकांना पाचच पाकळ्या. माणसाने बागेत तयार करून नावे ठेवलेले गुलाब मात्र तीस हजारांवर गेले आहेत. मौज अशी की, या तीस हजारांच्या मागे त्या १५० पैकी आठ-दहा जातींचेच रक्त मुख्यत्वे आहे. बाकीच्या रानातच राहिल्या. त्या आठ-दहांनी काय काय दिले, आणि रानात राहिलेल्यांत आपल्या देशातले कोण होते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

नाव आपले नाही, फारसी आहे. गुल म्हणजे फूल व आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मूळचे गुलाबपाणीच. आपण पाण्याचे नाव फुलाला देऊन टाकले आणि मग पाण्याला पुन्हा गुलाबपाणी म्हणू लागलो! जुन्या मराठीत शेवती म्हणून एक फूल होते. शेवंती नव्हे बरे का, शेवती. तीही गुलाबाच्याच कुळातली. मोगलाईत नाशिकचे नाव गुलशनाबाद असे होते. अत्तराची कथा तर जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करीत असताना, गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतले की वर किंचित तवंग धरतो हे तिच्या ध्यानात आले. तो तवंग तिने थोडा थोडा करून जमविला; तेच अत्तर. बादशहाने त्या अत्तराची स्तुती करावी हे ठीकच, पण शोध कोणाचा हे त्याने सांगितले, याबद्दल त्याचे कौतुक वाटते. दुधावरची साय रोज निगुतीने काढणाऱ्या बाईच्याच नजरेस असली गोष्ट पडावयाची.

अत्तराच्या या गुलाबाला दमास्कस शहरावरून दमास्क गुलाब म्हणतात. तो कोणाचा मुलगा याविषयी फार दिवस वाद होता. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासले तेव्हा त्याचे तीन पूर्वज निघाले. एक युरोपातला लाल गुलाब, दुसरा कस्तुरीच्या वासाचा पांढरा वेल आणि तिसरा मध्य आशियाच्या डोंगरातला, ज्याचे नावही कोणी घेत नव्हते. तीन मुलखांची झाडे कोठे तरी एकाच बागेत फुलली आणि वाऱ्याने किंवा मधमाशीने त्यांची सोयरीक जुळविली. आणखी एक नवल असे की, वेगवेगळ्या नावांनी जतन केलेले जुने दमास्क गुलाब तपासले, तेव्हा ते मुळात एकच निघाले. गुलाबाचे बी पेरले तर आईसारखे झाड येत नाही, म्हणून माणसाने काडी लावूनच ते शेकडो वर्षे वाढविले. एका बाईने दुसरीला काडी द्यावी, दुसरीने तिसरीला, तसे. झाडे लक्षावधी झाली तरी झाड एकच राहिले.

या जुन्या गुलाबांत एक उणीव होती. ते वर्षातून एकदा बहरत. वसंतात महिनाभर फुले, मग पुढच्या वर्षापर्यंत नुसते काटे. दमास्कचाच एक प्रकार शरदात दुसऱ्यांदा चार फुले देई, त्याचेही युरोपात केवढे कौतुक! बारमाही गुलाब होता तो चीनमध्ये. तेथील माळ्यांनी तो फार जुन्या काळापासून बागेत राखलेला होता. १७९२ ते १८२४ या काळात असे चार चिनी गुलाब इंग्लंडात पोहोचले : १७९२ साली गडद लाल, १७९३ साली गुलाबी, १८०९ साली चहाच्या कोवळ्या पानासारख्या वासाचा फिकट गुलाबी आणि १८२४ साली फिकट पिवळा. चीनची झाडे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्त्यास येत, तेथे १७८७ साली स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानात विसावत आणि मग पुढे जात. त्यामुळे फ्रान्समध्ये या चिनी गुलाबांना बंगालचे गुलाब असेच नाव पडले. म्हणजे लेकरू चीनचे, नाव लागले बंगालचे. नेपोलियनशी इंग्लंडचे युद्ध पेटलेले असतानाही १८१० साली नव्या चिनी गुलाबाची रोपे जोसेफिन हिच्या बागेत पोहोचू द्यावीत म्हणून इंग्रज आरमाराने वाट दिली, असे सांगतात.

चिनी गुलाब बारमाही का, याचे कारण अगदी अलीकडे, २०१२ साली, उलगडले. प्रत्येक झाडात ‘आता फुलू नकोस, पाने वाढव’ असा हुकूम देणारे एक जनुक असते. जनुक म्हणजे वंशपरंपरेने येणारी चिठ्ठी समजा. रानगुलाबात ही चिठ्ठी वसंत सरला की वाचली जाते आणि फुलणे थांबते. चिनी गुलाबात कोणे एके काळी त्या चिठ्ठीच्या मधोमध भलताच मजकूर घुसला. चिठ्ठी वाचता येईना, हुकूम सुटेना, झाड आपले फुलतच राहिले. म्हणजे आपल्याला देवपूजेला बारा महिने फूल मिळते ते एका बिघाडामुळे! रानात असला बिघाड झाडाला घातकच ठरला असता. पण कोण्या चिनी माळ्याने ते झाड उपटून टाकले नाही, त्याची काडी लावली. १७९३ साली आलेल्या त्या गुलाबी फुलाच्या झाडाची सबंध वंशचिठ्ठी २०१८ साली शास्त्रज्ञांनी वाचून प्रसिद्ध केली.

आता जो गुलाब सांगते तो बहुतेकींच्या ओळखीचा आहे. आपल्या हिंदी महासागरात रियुनियन म्हणून फ्रेंचांचे एक बेट आहे. त्याचे जुने नाव बूरबाँ. तेथील शेतकरी शेताला गुलाबाची कुंपणे घालीत, काही दमास्कची, काही चिनी गुलाबाची. त्या कुंपणात एक वेगळेच रोप उगवलेले आढळले. फुलाला वास दमास्कचा आणि बहर एकाहून अधिक वेळा. बेटावरच्या सरकारी बागेचा प्रमुख ब्रेआँ याने १८१९ च्या सुमारास त्याचे बी पॅरिसला पाठविले आणि त्यातून गुलाबांचे मोठे घराणे निघाले. बेटावर त्याचे नाव रोझ एदुआर. हे झाड आपल्या देशात आले आणि आपल्या माळीदादांनी त्याचा केला एडवर्ड. साधे गुलाबी फूल, पाकळ्या नाजूक, वास गोड, दुसऱ्या दिवशी गळून जाणारे. हारात, गुलकंदात चालणारे. नर्सरीवाले त्याचा उपयोग खुंट म्हणून फार करीत. झोकदार विलायती गुलाबाचा डोळा एडवर्डच्या काडीवर बांधावयाचा. पुष्कळ घरी असे होते की, पैसे देऊन आणलेला लाल गुलाब दोन पावसाळ्यांत मरतो आणि खालून खुंट फुटून त्याला साधी गुलाबी फुले येतात. ‘गुलाब बिघडला’ म्हणून आपण ते झाड काढून टाकतो. वास्तविक बिघडलेले काहीच नसते. वरचा गेलेला असतो आणि ज्याने त्याला इतके दिवस पाणी पाजले तो उरलेला असतो.

पुढील इतिहास थोडक्यात सांगते. चिनी आणि युरोपी गुलाबांच्या संकरांतून १८६७ साली फ्रान्समधील लियाँ गावच्या गियो याने ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब काढला. आज फुलवाल्याकडे लांब दांड्याचे, टोकदार कळीचे जे फूल मिळते त्याच्या जातीचा हा पहिला पुरुष मानतात. रंग मात्र अजून लाल, गुलाबी, पांढरा आणि फिकट पिवळा एवढेच. हळदीसारखा गर्द पिवळा आणावयाचा तर इराणचा पिवळा गुलाब हवा होता आणि तो दुसऱ्या गुलाबांशी सहजी जुळत नसे. त्याच लियाँ गावच्या पेर्ने-द्युशे याने वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९०० साली ‘सोलेय दोर’, म्हणजे सोन्याचा सूर्य, हा गुलाब बाजारात आला. आजचे पिवळे, शेंदरी, अबोली रंगाचे झाडून सगळे गुलाब त्याच्या वंशातले म्हटले तरी चालेल.

पण सुनेबरोबर तिच्या माहेरची तऱ्हाही येतेच. इराणच्या कोरड्या हवेतल्या या गुलाबाला पानावरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाशी झगडण्याची सवय नव्हती. पिवळ्या रंगाबरोबर हा दुबळेपणा सगळ्या नव्या गुलाबांत शिरला. हा रोग बुरशीचा आहे. पान सलग सात-आठ तास ओले राहिले की त्याचे फावते. आता आपले पनवेल घ्या. शंभर इंचांवर पाऊस, जून ते सप्टेंबर पान कोरडे असे होतच नाही. श्रावणात पाने पिवळी होऊन गळतात आणि भाद्रपदात गौरीला फूल काढावे म्हणून जावे तर नुसत्या काड्या उभ्या! ‘माझ्या हाताला गुलाब लागत नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत. बायांनो, हाताला दोष देऊ नका. आजचे बहुतेक गुलाब लियाँ, इंग्लंड, जर्मनी अशा थंड मुलखांत निवडले गेले. निवडणाऱ्याने तेथे जो तगला तो ठेवला. कोकणातला पावसाळा त्यांपैकी कोणी पाहिलेला नव्हता.

मग उपाय काय? तो समजण्यासाठी थोडा वेळ गुलाब सोडून आपल्या भाताकडे वळते. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या भागांतील खारेपाट सर्वांना ठाऊक आहे. उधाणाने बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि साधे भात करपते. तरीसुद्धा त्या जमिनीत आपले आगरी-कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या तांबड्या दाण्याचे भात पिकवीत आले. काळा राता आणि भुरा राता ही त्यांची नावे. दाणा जाड, ताठ उभे राहण्याची ताकद कमी, उतारा बेताचा, पण मिठाला भीक न घालणारे. १९६६ साली फिलिपाईन्समधून आयआर-८ हे बुटके, भरघोस भात आले. ते खारट जमिनीसाठी मुळीच नव्हते. आपल्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने या परदेशी भाताचा आणि भुऱ्या रात्याचा संकर करून ‘पनवेल-१’ हे वाण काढले. उतारा एकाचा, मीठ सोसण्याचा गुण दुसऱ्याचा. भुरा राता शेतकऱ्यांनी ‘जाडा तांबडा तांदूळ कोण खातो’ म्हणून आधीच टाकून दिला असता, तर संकर कशाशी केला असता? काळ्या रात्याचे नाव तर परदेशांतल्या भातशास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. १९७० नंतर सिडकोची नवी शहरे उभी राहिली, आणि आता विमानतळही झाला. ज्या खाजणांत ही भाते डोलत होती, त्यांतली पुष्कळशी भरावाखाली गेली. त्याबद्दल लिहिण्याची ही जागा नव्हे. परंतु टाकाऊ दिसणाऱ्या जुन्या वाणात एखादा गुण दडलेला असतो, आणि तो हवासा वाटेल तेव्हा ते वाण शिल्लक असावे लागते, हे मला या भातावरून समजले. गुलाबाचेही तेच आहे.

हे ज्याला गव्हावरून समजले आणि ज्याने ते गुलाबातही केले, असा एक मोठा माणूस आपल्या देशात होऊन गेला. डॉ. बेंजामिन पिअरी पाल. जन्म १९०६, बालपण ब्रह्मदेशात, शिक्षण रंगून व केंब्रिज येथे. गव्हावर तांबेरा पडून उभे पीक जात असे, म्हणून तांबेऱ्याला दाद न देणारा गहू त्यांना हवा होता. नवी जनुके शोधली पाहिजेत, अशा मथळ्याचा त्यांचा लेख १९३७ सालचा आहे. देशोदेशींचे आणि गावोगावचे गहू गोळा करून त्यांनी तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्यांना तोंड देणारा एन.पी. ८०९ हा गहू काढला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ते संचालक होते आणि पुढे १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. दिवसभर गव्हाचे काम, आणि सकाळ-संध्याकाळ गुलाब! आपल्याकडे विलायती गुलाब आणून लावतात, येथे जन्मलेले गुलाब फारसे कोणी काढीत नाही, ही गोष्ट त्यांना खुपे. त्यांनी शंभराहून अधिक गुलाब निर्माण केले. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’ ही त्यांतली नावे. खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचे संस्थापक डॉ. होमी भाभा १९६६ साली विमान अपघातात गेले, तेव्हा १९६८ साली एका पांढऱ्या गुलाबाला त्यांनी ‘डॉ. होमी भाभा’ असे नाव दिले. ‘द रोझ इन इंडिया’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १९६६ सालचा. त्यांनी लग्न केले नाही. आपले राहते घरही संस्थेलाच देऊन टाकले. १९८९ साली ते वारले.

त्यांनी वाट घातली, पण संकराला घेतलेली झाडे बहुतेक विलायती घराण्यांतलीच होती. उन्हातान्हाला आणि पावसाला न डगमगणारे रक्त आणावयाचे तर ते आपल्या रानातून आणावयास पाहिजे. आणि आपल्या रानात होते तरी काय! बंगाल-बिहारकडे नदीकाठच्या दलदलीत एक पांढरा पाच पाकळ्यांचा गुलाब वाढतो. शास्त्रीय नाव रोझा क्लायनोफायला. पुराचे पाणी आठवडेच्या आठवडे त्याच्या मुळांवर, कमरेवर उभे असते, तरी तो कुजत नाही. गुलाबाच्या कुंडीत जरा पाणी साचले तर आपण घाबरतो, आणि हा पाण्यातच उभा! दुसरा मणिपूरचा. १८८२ साली जॉर्ज वॉट नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तेथील डोंगरात आढळला. हा मोठ्या वृक्षांवर चढणारा वेल आहे, आणि त्याचे दुधाळ पांढरे फूल पंजाएवढे असते. म्हणून त्याला रोझा जायगँटिया म्हणजे राक्षसी गुलाब असे नाव. चहाच्या वासाचे ते चिनी गुलाब याच्याच वंशातले. म्हणजे आपल्या शेजारच्या डोंगरातला हा गुलाब चीनमार्गे, कलकत्त्यावरून, फ्रान्सला जाऊन, नाव बदलून परत आपल्या अंगणात आला होता. फक्त आपल्याला ओळख पटली नव्हती.

रानगुलाब आणि बागेतला गुलाब यांचा संकर वाटतो तितका सोपा नाही. येथे थोडे गणित आहे. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे म्हणून धागे असतात. या दोन्ही रानगुलाबांत ते १४, तर बागेतल्या बहुतेक गुलाबांत २८. मुलाला आईकडून निम्मे आणि बापाकडून निम्मे मिळतात, म्हणजे ७ आणि १४ मिळून २१. आता या मुलाने पुढे आपले निम्मे द्यावयाचे तर २१ लाडू दोन मुलांत सारखे वाटण्याचा प्रसंग! त्यामुळे असे झाड स्वतः छान वाढते, पण त्याला बी धरत नाही, खेचरासारखे. शेकड्यात एखादे चुकून धरते. त्याच्यासाठी वर्षे घालवावी लागतात.

कोणत्या झाडात हे धागे किती, याची मोजदाद करून ठेवणाऱ्यांत आपल्याच देशाची एक बाई होती, हे वाचून मला फार आनंद झाला. डॉ. ई. के. जानकी अम्माळ. जन्म १८९७ साली केरळात तेल्लिचेरी येथे. त्या काळी मुलीला चार अक्षरे आली तरी पुष्कळ म्हणत, तेव्हा या बाईंनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून १९३१ साली डॉक्टरची पदवी मिळविली. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाचा दुसऱ्या गवतांशी संकर करून पाहिला. पुढे इंग्लंडात डार्लिंग्टन यांच्याबरोबर, लागवडीतील हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रांची नोंद असलेला ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध केला. कोणाचे कोणाशी जुळेल आणि का जुळणार नाही, हे पाहावयास तो ग्रंथ म्हणजे पत्रिका जुळविणाऱ्याचे पंचांगच. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली व १९८४ साली त्या निवर्तल्या.

रानगुलाबांचे हे वेळखाऊ काम हाती घेतले ते तमिळनाडूत कोडाईकनाल येथे राहणाऱ्या एका दांपत्याने, श्री. विरू विराराघवन आणि सौ. गिरिजा विराराघवन यांनी. श्री. विराराघवन आय.ए.एस. अधिकारी होते. मुदतीआधी नोकरी सोडून ते गुलाबांत रमले आणि पत्नीही बरोबरीने. मणिपूरच्या सिरोई पर्वतावर स्वतः चढून त्यांनी जायगँटियाचा शोध घेतला, तसेच पाण्यातला तो बंगाली गुलाबही मिळविला आणि दोघांचे संकर पिढ्यान् पिढ्या चालविले. त्यांच्या एका गुलाबाचे नाव ‘सर जॉर्ज वॉट’ आहे, एकाचे ‘गँजेस मिस्ट’, म्हणजे गंगेवरचे धुके. २०१८ साली त्यांनी एका गुलाबाला ‘ई. के. जानकी अम्माळ’ हे नाव दिले. राण्यांची आणि नट्यांची नावे गुलाबांना पुष्कळ मिळालेली आहेत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून धागे मोजणाऱ्या बाईचे नाव गुलाबाला मिळाले हे मला अधिक शोभून दिसते. उष्ण प्रदेशासाठी वेगळा गुलाब घडवावयाचा, ही त्यांची मूळ कल्पना आहे, आणि पनवेलकरणींना तिचे महत्त्व सांगावयास नको.

बाजार मात्र दुसऱ्याच दिशेने गेला. आपल्याकडून खंडाळ्याचा घाट चढून गेले की तळेगाव-मावळचा भाग लागतो. तेथे प्लॅस्टिकच्या कागदाखाली एकरच्या एकर गुलाब आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तेथील फुले घाट उतरून पनवेलवरून मुंबईच्या विमानतळाकडे आणि दादरच्या बाजारात जातात. ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहल’ अशी त्यांची नावे. फुलवाले त्यांना सरसकट डच गुलाब म्हणतात. यातील बहुतेक जाती परदेशी कंपन्यांच्या आहेत आणि रोपामागे त्यांना हक्काचा पैसा द्यावा लागतो. शेतकऱ्याने दुसऱ्याला त्याची काडी विकावयाची नाही! शेतकऱ्याला त्यातून उत्पन्न मिळते, तेव्हा मी नावे ठेवणार नाही. दांडा हातभर, फूल आठ-आठ दिवस टिकते. पण नाकाशी धरावे तर वास नाही. लांबच्या प्रवासात टिकणारे निवडता निवडता वासाकडे कोणी पाहिले नाही. २०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक वासाचा आणि एक बिनवासाचा गुलाब शेजारी ठेवून तपासले आणि वास तयार करणाऱ्या कामगिरीतील एक मुख्य जनुक शोधून काढले. बिनवासाच्या झाडात ते जवळजवळ निजलेलेच होते. आता तो वास परत आणावयाचा तर तो ज्यांच्यात जागा आहे अशा जुन्या झाडांकडेच जावे लागणार. जपानात पॅन्सीच्या फुलातील जनुक घालून निळा म्हणविणारा गुलाब केला व २००९ पासून विकलाही. तो जांभळटच दिसतो. मला त्याचे तितके अप्रूप वाटले नाही.

धान्याचे बी डब्यात भरून थंड कोठीत वर्षानुवर्षे ठेवता येते. जुना बागेतला गुलाब तसा ठेवता येत नाही, कारण बियातून तो उतरत नाही. त्याला जिवंत झाड म्हणूनच कोठे तरी जमिनीत उभे राहावे लागते. पुण्यास केंद्र सरकारचे पुष्पसंशोधन संचालनालय आहे, दिल्लीस पाल यांची संस्था आहे, तेथे गुलाबांचे संग्रह राखलेले आहेत. परंतु कोणाच्या परसात काय उभे आहे, याची नोंद तेथे कशी असणार? आपल्या गावात वडाळे तळ्याच्या बाजूस आणि जुन्या वाड्यांच्या मागे अजून अशी झाडे दिसतात. मी गेल्या वर्षी चालता चालता मोजली. एडवर्ड सहा घरी आढळला. दाट पाकळ्यांचा, गर्द गुलाबी, गुलकंदाला घेतात तो गावठी चार घरी. एका वाड्यात पांढरा, झुबक्यांनी फुलणारा वेल होता. त्याचे नाव घरातल्या आजींनाही ठाऊक नव्हते, त्यांच्या सासूबाईंनी लावलेला एवढेच त्या म्हणाल्या. तो वाडा आता पाडावयास काढला आहे. त्याच्या चार काड्या मी आणल्या, त्यांपैकी दोन जगल्या.

काडी लावण्याची रीत सर्वांना माहीत असेल, तरी नव्या मुलींसाठी सांगते. फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्यावा, पाने दोनच ठेवावीत आणि निम्मी काडी वाळूमिश्रित मातीत खोचून सावलीत ठेवावी. एडवर्ड बहुतेक हमखास लागतो; गावठी थोडा रुसतो. छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. पावसाळ्यात झाडाखाली गळलेली ठिपक्यांची पाने रोज वेचून टाकावीत, झाडाला वारा खेळता ठेवावा आणि पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी घालावे. निम्मा रोग एवढ्याने कमी होतो.

माझ्या दारी एडवर्ड आहे, गावठी आहे आणि तो वाड्यातला पांढरा वेल यंदा पत्र्यापर्यंत चढला आहे. ज्यांना काड्या हव्या असतील त्यांनी जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यावर दुपारी तीननंतर यावे. येताना आपल्याकडचा जुना गुलाब असेल तर त्याचीही एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी.